डिव्हाइस ट्रीमध्ये मला ५१२ पेटाबाइट रॅम सापडली

सुट्टीत टाइमपास म्हणून रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरवर छोटंसं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) लिहायला घेतलेलं, क्यूईएमयू या एम्युलेटरच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या, व्हर्ट मशीनवर. स्क्रीनवर अक्षरं उमटायला लागली, मग म्हटलं आता रॅम किती आहे ते बघू. बूट होताना प्रोसेसरच्या ए१ रजिस्टरमध्ये डिव्हाइस ट्रीचा, म्हणजे मशीनमध्ये काय काय आहे त्याच्या यादीचा, पत्ता मिळतो, तिथे सुरुवातीला ओळखखूण म्हणून डी०, ०डी, एफई, ईडी (हेक्समध्ये) अशा चार बाइट्स असतात. मी त्या थेट ३२ बिटांचा आकडा म्हणून वाचल्या तर आकड्यात ईडी सगळ्यात पुढे. ईडी पुढे आली तेव्हाच सावध व्हायला हवं होतं खरं तर.

प्रोसेसर लिटल एंडियन, म्हणजे कमी किमतीची बाइट आधी ठेवणार, आणि हा फॉरमॅट ओपन फर्मवेअर आणि पॉवरपीसीच्या घराण्यातला, त्यामुळे आकडे सगळे बिग एंडियन, जास्त किमतीची बाइट आधी. आपण नाही का, २५ लिहिताना दोन आधी लिहितो आणि बोलताना पंच-वीस, पाच आधी, अगदी तसंच.

मग मी शहाणपणा केला. लूप लावला आणि अख्ख्या ब्लॉबमधले (म्हणजे डिव्हाइस ट्रीच्या सगळ्या डेटामधले) दर चार बाइट्स उलटे करून तिथेच परत लिहिले. पहिला आकडा जुळला, मी खूश, पण मेमरीचा नोड (यादीतली रॅमची नोंद) काही सापडेना, म्हणून नावं छापून पाहिली तर memory@8… च्या जागी ओ-एम-ई-एम-आठ-ॲट-वाय-आर असलं काहीतरी, कारण नावं म्हणजे एकेक बाइटची रांग, तिला एंडियन वगैरे काही नसतं आणि मी तीही उलटी करून बसलो होतो.

नावं वगळली. नोड सापडला. रॅम छापली, ५१२ पेटाबाइट! क्यूईएमयूने दिलेली होती फक्त १२८ एमबी. यात माझा अख्खा रविवार गेला. साइज ६४ बिटांचा असला तरी तो ३२-३२ बिटांचे दोन सेल म्हणून येतो, वरचा अर्धा आधी, मी प्रत्येक सेल आतल्या आत सरळ केला पण दोन्ही मिळून ६४ बिटांचा पॉइंटर लावून वाचले, त्यामुळे खालचा अर्धा वर जाऊन बसला. शिवाय या सेलचा पत्ता चारच्या पटीत असण्याची खात्री असते, आठच्या नाही, म्हणजे तो पॉइंटर तसाही धोक्याचाच.

शेवटी सगळी उलटापालट पुसून टाकली आणि एकच फंक्शन लिहिलं: चार बाइट्स एकेक करून घ्यायच्या, पहिली २४ बिटांनी डावीकडे सरकवायची, दुसरी १६ ने, तिसरी ८ ने, चौथी तशीच, आणि ऑर करून सगळ्या एकत्र जोडायच्या. ६४ साठी तेच दोनदा. यात प्रोसेसर कुठला हा प्रश्नच येत नाही, इफडेफ (प्रोसेसरनुसार वेगळा कोड) नको, अलाइनमेंटची, म्हणजे पत्ता कशाच्या पटीत आहे याची, कटकट नको. डिव्हाइस ट्री वाचणारा हाच कोड बिग एंडियन पॉवरपीसीसाठी कंपाइल करून क्यूईएमयूवर चालवला, एक ओळ न बदलता १२८ एमबीच आली.

आता व्हर्टआयओचं (आभासी मशीनसाठीच्या उपकरणांचं स्टँडर्ड) नेटवर्क कार्ड घेतलंय. नव्या स्पेकप्रमाणे त्याचा हेडर लिटल एंडियन, आणि त्याच बफरमध्ये लगेच पुढे इथरनेटचं पॅकेट, ते बिग.