खंबाटकीतल्या उलटीपासून घरच्या एनर्जी जेलपर्यंत: माझा अनुभव

खंबाटकीच्या घाटात मी सायकल कठड्याला टेकवली आणि पहाटेपासून पोटात गेलेलं सगळं बाहेर काढलं. पुणे–पाचगणी–पुणे ही माझी पहिली 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. साडेतेरा तासांत संपवायची, आणि मी साठेक किलोमीटरवरच आडवी.

मागून येणारे एक काका थांबले. पांढऱ्या मिश्या, जुनी स्टीलची सायकल.

"काय खाल्लंत?"

"एनर्जी जेल. दोन, एकापाठोपाठ." (म्हणजे चालत्या सायकलवर ताकदीसाठी चोखायची गोड, घट्ट पाकाची छोटी पाकिटं.)

"त्यावर पाणी?"

मी बाटली दाखवली. तिच्यात संत्र्याच्या चवीचं स्पोर्ट्स ड्रिंक होतं. काका हसले. "अहो, पाकात पाक ओतलात की!"

त्यांनी साधं पाणी दिलं, अर्धं केळं दिलं आणि निघून गेले. मी सुरूर फाट्यापर्यंत रखडत गेले, तिथे हार मानली आणि एका टेम्पोत सायकल टाकून घरी आले. आठवडाभर मी त्या जेललाच शिव्या घालत होते. खरं तर जेलचा दोष नव्हताच. बहुतेक जेल म्हणजे घट्ट पाक, पोटाला तो आधी पातळ करून घ्यावा लागतो. मी त्यात आणखी साखर ओतली, तीही घाट चढताना, जेव्हा रक्त पायांकडे पळत असतं. मग पोट ते ठेवून घेईल कशाला?

पुढच्या बीआरएमला तीन महिने होते. वेगवेगळी सहा जेल आणली आणि पहिल्यांदाच पाकिटांमागचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला. बघायचे असतात ते एका पाकिटातले कार्बोहायड्रेटचे ग्रॅम, पाकिटाचं वजन नव्हे. जीयू कंपनीचं पाकीट 32 ग्रॅमचं, एसआयएस कंपनीचं आयसोटॉनिक जेल 60 मिलिलिटरचं, पण कार्ब दोन्हीत 22 ग्रॅमच्या आसपास. आयसोटॉनिकमध्ये पाणी आधीच घातलेलं असतं, त्यामुळे वर पाणी प्यायलं नाही तरी चालतं, पण ते पाणी आपण खिशात वाहत असतो. मॉर्टेन कंपनीच्या 40 ग्रॅमच्या पाकिटात 25 ग्रॅम कार्ब. ते जेलीसारखं लागतं, घशाला चिकटत नाही आणि खिशाला चांगलंच लागतं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे साखर कुठली. आतड्यात ग्लुकोजचं दार वेगळं, फ्रुक्टोजचं वेगळं. माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे ग्लुकोजचीच साखळी, म्हणून तेही ग्लुकोजच्याच दाराने जातं, आणि त्या दारातून तासाला साधारण 60 ग्रॅमच आत जातात. त्याहून जास्त कोंबलं की ते आतड्यात पडून राहतं आणि मग रस्त्यात झुडूप शोधावं लागतं. फ्रुक्टोज जोडीला असेल तर दोन्ही दारं चालू होतात आणि सवय असलेल्यांना तासाला 90 ग्रॅमपर्यंत झेपतं. माझ्यासारखीला 50 पुष्कळ झाले.

मग दर शनिवारी कात्रज–खेड शिवापूर–कापूरहोळ आणि परत. एका शनिवारी एकच जेल, दर 25 मिनिटांनी, वर चार घोट साधं पाणी. घरी आल्यावर वहीत नोंद. आंब्याच्या चवीचं एक खोकल्याच्या औषधासारखं लागलं, ते बाद. एक घामट हातांनी फाटेचना, दातांनी फाडलं तर अर्धं हनुवटीवर. तेही बाद, मग त्याचे ग्रॅम कितीही चांगले असोत. एकात 75 मिलिग्रॅम कॅफीन होतं. त्या दिवशी उशिरा निघाले होते, दुपारी चारला ते घेतलं आणि रात्री एक वाजता मी स्वयंपाकघरातले डबे लावत होते. जेल मात्र उत्तम, म्हणून ठेवलं.

मध्येच सातारा हिल हाफ मॅरेथॉन आली. सायकलवर पोट स्वस्थ बसलेलं असतं, पळताना ते डुचमळतं. सायकलवर मुकाट जाणारं जेल यवतेश्वरच्या चढावर ढेकर होऊन वर येत राहिलं. 21 किलोमीटरला खरं तर फार लागतही नाही. नीट जेवलेल्या माणसाच्या अंगात दीड-दोन तासांचा साठा असतो. मला अडीच तास लागतात, म्हणून दोन जेल, तीही अर्धं-अर्धं चाखत. (त्या घाटात रिकामी पाकिटं फेकणाऱ्यांना परत पाठवून ती वेचायला लावलं पाहिजे.)

आता हिशेब. तासाला 50 ग्रॅम, बारा तास, म्हणजे 600 ग्रॅम. 22 ग्रॅमच्या पाकिटांनी 27 पाकिटं. देशी पाकीट सव्वाशेला धरलं तरी तीन हजारांच्या वर, एका रविवारसाठी! त्यात पाचव्या तासानंतर गोड नुसतं दिसलं तरी मळमळतं.

तेव्हा डोक्यात आलं की आपली साखर म्हणजे निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज. 100 ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन आणि 200 ग्रॅम साखर घेतली की ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण बरोब्बर 2:1. महागड्या पाकिटांवर मिरवतात तेच. दीडशे मिलिलिटर पाण्यात ते गरम करत होते तर सासूबाई डोकावल्या.

"एकतारी करतेयस का दोनतारी?"

"तार नकोच आई, नुसतं विरघळायला हवं."

"मग लिंबू पिळ, नाहीतर साखर धरेल."

लिंबू पिळलं, अर्धा चमचा मीठ टाकलं. तीन मऊ रबरी फ्लास्क भरले, प्रत्येकात 100 ग्रॅम कार्ब, म्हणजे साडेचार पाकिटांइतके. फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायचं. नवऱ्याला शुगर आहे, त्यामुळे फ्लास्कवर ठळक अक्षरांत "हात लावू नये" लिहिलं.

दुसऱ्या वेळी खंबाटकी चढताना एका बाटलीत साधं पाणी होतं, दुसरीत मीठ-लिंबू, साखर अजिबात नाही. चढ लागण्याआधीच फ्लास्कचा एक घोट, चढात फक्त पाणी. उलटीच्या जागी या वेळी थांबले नाही, पण त्या कठड्याकडे पाहिलं जरूर. वाईत पोहे आणि चहा, मग पसरणी घाट, पाचगणीला वरण-भात. खाऱ्या वरणाची ती चव अजून जिभेवर आहे. येताना रस्ता बोगद्यातून, म्हणून खंबाटकीच्या चढातून सुटका, आणि कॅफीनवालं ते एकमेव विकतचं जेल खेड शिवापूरला, कात्रजच्या चढाआधी. बारा तास पन्नास मिनिटांनी बीआरएमच्या कार्डावर शेवटचा शिक्का पडला.

जर्सी तशीच बाल्कनीत टाकून झोपले. सकाळी मागच्या खिशातून कुंडीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. तिसऱ्या फ्लास्कचं झाकण सैल राहिलं होतं.