बोर्ड गेमचा इन्सर्ट करून घेताना लेझर कटिंगवाल्याने आणलेला वैताग (माझा अनुभव)

सगळ्यात आधी हे सांगते, बाकीचं मागाहून: बोर्ड गेमसाठी एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या शीटचा) इन्सर्ट, म्हणजे डब्यात सामान लावायचे ट्रे आणि कप्पे, कापून घ्यायचा असेल तर गणपतीच्या आधीच्या महिन्यात लेझर कटिंगवाल्याच्या वाटेला जाऊ नका. त्या दिवसांत पुण्यात बहुतेक लेझर मशीनवर मखरं कापली जात असतात आणि तुमचे छोटे छोटे ट्रे कोणाच्याच खिजगणतीत नसतात. मखरांबद्दल माझी काही तक्रार नाही, सणाचं काम आधी व्हायलाच हवं, पण मग ॲडव्हान्स घेताना तसं तोंडावर सांगा ना, माणूस दुसरीकडे तरी जाईल.

गेम आहे टेराफॉर्मिंग मार्स, 2016 चा. माझा सगळ्यात लाडका गेम. पण मूळ डब्यात कप्पे वगैरे काही नाहीच, मोकळा डबा आणि झिपच्या पिशव्या. 208 प्रोजेक्ट कार्डं, पाच खेळाडूंचे पाच रंगांचे ठोकळे, वर तांब्या-चांदी-सोन्याच्या रंगाचे 1, 5, 10 किमतीचे क्यूब, एका बाजूला जंगल आणि दुसऱ्या बाजूला शहर अशा षटकोनी टाइल्स, महासागराच्या 9 वेगळ्या. त्यात आम्ही व्हीनस नेक्स्ट आणि प्रेल्यूड ही दोन एक्स्पान्शन्स (मूळ गेमला जोडायचे वेगळे संच) घेतली आणि सगळं एकाच डब्यात कोंबायला लागलो. मांडायला वेळ, आवरायला त्याहून जास्त, आणि रात्री साडेअकराला सगळे जांभया देत असताना क्यूब वेगळे करत बसायची पाळी कायम माझ्यावर. परदेशातून तयार इन्सर्ट मागवायचा तर पार्सलचा खर्च आणि कस्टम्स धरून जो आकडा येत होता तेवढ्यात अजून एक गेम आला असता, म्हणून म्हटलं आपणच करू.

डिझाइनमध्ये सांगण्यासारखं फार नाही, एका रविवारी झालं. बॉक्सेस डॉट पाय नावाचा फुकट जनरेटर आहे, त्यात लांबी-रुंदी-उंची आणि शीटची जाडी टाकली की दातेरी जोडांसकट ट्रेची फाइल तयार मिळते, पुढची डागडुजी मी इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केली. एक गोष्ट मात्र डबा समोर ठेवून ठरवा. या गेमचा डबा साधारण सात सेंटीमीटर उंच आणि कार्ड 88 मिलिमीटर, त्यामुळे कार्डं उभी राहतच नाहीत. लांब कडेवर आडवी उभी केली तर स्लीव्हसकट (कार्डावर घालायच्या प्लास्टिकच्या पातळ पाकिटासकट) जेमतेम बसतील पण मग वर बोर्डांना जागा राहत नाही, म्हणून मी गठ्ठे सरळ झोपवले. स्लीव्ह घातलेलं कार्ड साधारण 66 बाय 91-92 भरतं, तर कप्पा आतून दोन-तीन मिमी तरी मोठा ठेवा, आणि समोरच्या भिंतीला बोट जाईल एवढा अर्धगोल काढाच, नाहीतर तळाची कार्डं काढायला ट्रे उलटा करावा लागतो.

आता खरं दुखणं.

घराजवळचा लेझरवाला, ट्रॉफ्या, नेमप्लेट, लग्नाच्या पत्रिका असलं सगळं करतो. फोनवर मी स्पष्ट विचारलं होतं की एमडीएफ तीन एमएमचा म्हणजे नेमका किती, कारण जाडीवरच सगळा खेळ आहे. उत्तर आलं, "मॅडम, तीन एमएम म्हणजे तीन एमएम." मी म्हटलं मी येते, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून बघते, मग फाइल पक्की करते. गेले तर म्हणे शीट आतल्या खोलीत आहे, गठ्ठ्याखाली आहे, आत्ता निघणार नाही, तुम्ही फाइल द्या, ॲडव्हान्स द्या, उद्या या. बाहेरची शीट आणू का तर तेही नाही, मशीन खराब होतं म्हणे. दिली फाइल.

मग "उद्या या" सुरू झालं. उद्या गेलं की मशीनवर मखराची कमान, आणि "ताई, हे तेवढं निघू दे". फोन केला तर लाइट गेलेली. परत गेलं की मालक बाहेर आणि ऑपरेटरला फाइलच सापडत नाही, मी परत पेनड्राइव्ह दिला, त्याने कोरल नावाच्या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि ट्रे स्क्रीनवर बघताबघता मला कळलं की आकार चुकतोय, सगळं मूळ मापाच्या सव्वापटीच्या वर दिसत होतं. हे होतं, इंकस्केपची एसव्हीजी फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि त्याने डीपीआय (एका इंचात किती ठिपके) 96 च्या जागी 72 धरला की सगळं 1.33 पट मोठं होतं. म्हणूनच मी फाइलच्या कोपऱ्यात बरोबर 100 मिमीची एक रेघ काढून ठेवते, ती तिथल्या तिथे मोजायला सांगायची. त्या मुलाने मोजली, 133 आली, त्याने गुपचूप दुरुस्त केलं. त्या दुकानात माझं ऐकून घेणारा तेवढा तो एकच.

आणि मग एकदाचे तुकडे हातात आले, आणि घरी येऊन दोन भिंती एकमेकींत घातल्या तर खुळखुळल्या. अक्षरशः. दात खाचेत गेला, आणि हात सोडला तशी भिंत आडवी पडली. व्हर्नियर लावला, शीट 2.7. खाचा 3 च्या, आणि त्यात लेझर स्वतः जे जाळतं ते वेगळंच. लेझरची रेघ म्हणजे काही शून्य जाडीची नसते, तीन मिमीच्या एमडीएफमध्ये साधारण 0.15 ते 0.2 मिमी लाकूड जळून जातं, ते फाइलमध्ये धरलं होतं मी, पण शीटच 0.3 ने बारीक निघाल्यावर काय धरणार? बाजारात 3 म्हणून मिळणारा एमडीएफ बरेचदा 2.7, 2.8 भरतो, हे हौशी लोकांनासुद्धा माहीत असतं, आणि जो माणूस रोज तेच कापतो त्याला माहीत नाही यावर माझा विश्वास नाही. तुकडे आणि व्हर्नियर दोन्ही घेऊन गेले, काउंटरवर मोजून दाखवलं. "फेव्हिकॉल जरा जास्त लावा, बसतं." पैसे परत नाहीत, परत कापायचं तर परत पूर्ण पैसे, तेही गणपतीनंतर. मला पैशांपेक्षा राग या गोष्टीचा आला की मी आधी विचारलं होतं, मोजायला आले होते, आणि मला मोजू दिलं नाही. एक मिनिटाचं काम होतं. अजूनही त्या रस्त्याने जाताना चिडचिड होते.

त्यानंतर मी भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेले, खिशात व्हर्नियर. तिथे कोणी काही म्हटलं नाही, दुकानदाराने स्वतः शीट पुढे काढून दिली, मी चारही कोपऱ्यांना मोजली, सगळीकडे 2.7, मधेच कुठे जाड-बारीक नाही. मला 3 नको होती, मला खात्री हवी होती. आठ बाय चारची शीट घरी नेण्यात अर्थ नाही, तिथेच कापून घ्या, पण त्याआधी लेझरवाल्याला मशीनचा बेड, म्हणजे शीट ठेवायची जागा, केवढा ते विचारा, बऱ्याच ठिकाणी तीन फूट बाय दोन फूट असतो. आणि दुसरा लेझरवाला शोधताना माझा एकच प्रश्न होता, माझी शीट चालेल का आणि आधी टेस्टचा तुकडा कापून द्याल का. दोन्हीला हो म्हणणारा मिळाला, जरा लांब, पण मिळाला. बॉक्सेस डॉट पायमध्ये बर्न नावाचं सेटिंग आहे, ते वाढवलं की जोड घट्ट होतो, तर 0.05 पासून थोडा थोडा वाढवत एकाच पट्टीवर वेगवेगळे जोड कापून घेतले. त्याने पट्टी हातात दिली, गरम होती अजून, मी एकेक दात दाबून बघत गेले. पहिले सैल, मग जरा धरल्यासारखा, आणि मग एक असा की अंगठ्याने दाबल्यावर टच आवाज करून बसला आणि उलटा धरून झटकला तरी सुटला नाही. त्या क्षणी जो आनंद झाला तो मला गेम जिंकल्यावरही कधी झालेला नाही. त्याच आकड्यावर सगळं कापलं, तासाभरात मोकळी.

अजून काही आठवेल तसं. लेझरवाले बहुतेक मिनिटावर पैसे लावतात, म्हणून फाइलमध्ये एकावर एक दोन रेघा आल्यात का बघा, डबल रेघ असली की लेझर दोनदा फिरतं आणि पैसेही दोनदा. आतली भोकं आधी आणि बाहेरची कड शेवटी कापायला सांगा, नाहीतर तुकडा सुटून हलतो. कापलेल्या कडांना काजळी असते, ती पांढऱ्या स्लीव्हला लागते आणि मग निघत नाही, तर पॉलिश पेपर हलका फिरवून कोरड्या फडक्याने पुसा. पाणी नको, एमडीएफ फुगतो. जळकट वासही आठवडाभर राहतो, लगेच कार्डं भरू नका. चिकटवताना फेव्हिकॉल थेंबभर पुरतो, जोड घट्ट असेल तर, आणि रबरबँड लावण्याआधी कोपऱ्यात गुण्या धरा. क्यूबच्या ट्रेला सपाट तळ असला की कोपऱ्यातला शेवटचा क्यूब नखाने उकरावा लागतो, मी पुढच्या बाजूला एक पट्टी तिरपी चिकटवली, क्यूब त्यावरून वर सरकवता येतात. ट्रे आणि डब्याची भिंत यात दोन मिमी सोडा, पुठ्ठ्याचा डबा कधीच नीट काटकोनात नसतो.

आणि पहिल्यांदाच करत असाल तर खरं म्हणजे लेझरच्या फंदात पडू नका, अप्पा बळवंत चौकातून पाच मिमीचा फोम बोर्ड आणा, स्टीलची पट्टी, कटर आणि ब्लेड भरपूर, बोथट ब्लेडने आतला फोम फाटतो. दुकानात फोम बोर्ड म्हटलं की कधी कधी सनबोर्ड म्हणून प्लास्टिकची शीट देतात, ती जड असते आणि कटरने सुखाने कापली जात नाही, दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये फोम आहे का ते कड बघून घ्या. फोम बोर्डाचा ट्रे एमडीएफएवढा टिकत नाही, पण कोणाच्या "उद्या या"वर अडत पण नाही.

आता खेळाडूचा रंगीत ट्रे उचलून समोर ठेवला की त्याचं सामान लागलं, बोर्ड सगळ्यात वर राहतात आणि ट्रेंवर झाकणासारखे बसतात, डबा उभा ठेवला तरी क्यूब इकडचे तिकडे होत नाहीत. मूळ गेम, व्हीनस नेक्स्ट आणि प्रेल्यूड एवढं एका डब्यात झाकण न उचलता मावतं. टर्मॉइल हे आणखी एक एक्स्पान्शन घेतलं तर त्याला जागा नाही, ते त्याच्या डब्यातच राहणार.