मोरपिसासारखं शेवाळ

आज माझ्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकमधला मधला खडक पुन्हा जांभळा दिसला. कोरलाइनचा, म्हणजे खडकावर चढणाऱ्या कडक जांभळ्या शेवाळाचा, तो रंग ८ महिन्यांनी बघतेय, म्हणून लगेच लिहायला बसले.

त्रासाची सुरुवात झोआ नावाच्या कोरलच्या एका फ्रॅगपासून, म्हणजे लावायच्या तुकड्यापासून झाली. तो चिकटवलेला असतो त्या छोट्या चकतीच्या, प्लगच्या कडेला नखाएवढा हिरवा झुपका होता, मी घाईत तसाच लावला. दोन महिन्यांत अर्धा खडक झाकला गेला. साधं केसाळ शेवाळ समजून दर रविवारी ओरबाडून काढायचे. बुधवारपर्यंत नवे फुटवे, शेजारच्या खडकावरसुद्धा. शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी तर त्याला तोंडही लावत नव्हत्या.

शेवटी एक काडी पांढऱ्या बशीत पाण्यात पसरली आणि भिंगातून बघितली. मधे देठ, दोन्ही बाजूंना बारीक पिसं, अगदी इवलंसं मोरपीस. ब्रायोप्सिस! केसाळ शेवाळाला अशी पिसं नसतात. याचा तुटका तुकडा जिथे अडकेल तिथे रुजतो. दर रविवारी मीच ते पसरवत होते हे कळल्यावर पोटात खड्डा पडला.

आधी पाणी सुधारलं. घरच्या आरओच्या पाण्याचा टीडीएस ४५ होता, आरओच्या पुढे डीआय (उरलेले क्षार शोषणारा फिल्टर) लावून तो शून्यावर आणला. नवी वाढ मंदावली, पण आहे ते हललं नाही.

मग फ्लुकोनाझोल, बुरशीवरचं औषध. प्रमाण लिटरला ५ मिलिग्रॅम. टँक २०० लिटरचा, पण खडक-वाळू वजा जाता पाणी साधारण १८०. म्हणजे १५० मिलिग्रॅमच्या ६ गोळ्या. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेतली. त्याआधी पंप बंद करून, सायफनच्या नळीला टूथब्रश बांधून जेवढं निघेल तेवढं ओढून काढलं. ब्रश घासेल तसा तुकडा थेट नळीत, बादलीवर बांधलेल्या फडक्यात. औषध शोषून घेणारा फिल्टरमधला कार्बन काढला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन चालू.

पहिला आठवडा काहीच नाही. फार जड गेला तो. नवव्या दिवशी टोकं फिकी, बाराव्या दिवशी काचेसारखी पारदर्शक. मेलेलं शेवाळ कुजून नायट्रेट वाढतं, म्हणून ते रोज ओढून काढत होते. १४ दिवसांनी चौथाई पाणी बदलून कार्बन परत टाकला.

आता नवा फ्रॅग सहा आठवडे वेगळ्या टाकीत राहतो, आणि जुना प्लग मी ठेवतच नाही. कोरल सोडवून नव्या प्लगवर चिकटवते. झोआ सोडवताना हातमोजे आणि चष्मा घालाच, काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं.