तुम्ही विचारलंत म्हणून : जग संपल्यावर चावी कोण फिरवणार?

“आयुष्यभर शहराला पाणी पुरवायचं काम केलंत, मॅडम, आणि वाचता मात्र शहरं ओस पडल्याच्या कादंबऱ्या. असं का?” पूर्वी हा प्रश्न महापालिकेतले सहकारी विचारत असत, आता आमच्या सोसायटीतली कॉलेजात जाणारी मुले विचारतात. ग्रंथालयात पुस्तक बदलताना शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी वाचकानेही तो विचारलेला आहे. त्याला जोडून बहुधा दुसरा प्रश्न येतो : असल्या वाचनाने मन खचत नाही का? दोन्ही प्रश्न आस्थेने विचारलेले असतात आणि उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

या साहित्याचे ढोबळमानाने दोन प्रवाह आहेत. एकात व्यवस्था इतकी बलाढ्य झालेली असते की माणसाला श्वास घेणेही तिच्या परवानगीने करावे लागते. दुसऱ्यात व्यवस्थाच उरलेली नसते. मी वाचते तो प्रामुख्याने दुसरा. त्याची परंपरा जुनी आहे. मेरी शेली यांची ‘द लास्ट मॅन’ ही कादंबरी 1826 मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात एकविसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगाने मानवजात संपताना दाखवली आहे. पुढे प्रत्येक काळाने आपापल्या भीतीप्रमाणे संहाराचे कारण बदलले : 1945 नंतर अणुबाँब आला, मग प्रयोगशाळेतून निसटलेला विषाणू आला, आता तापलेली पृथ्वी आणि चढलेला समुद्र आहे. मला स्वतःला या कारणात फारसा रस नाही. पहिल्या शंभर पानांतली पळापळ, जाळपोळ आणि लूट मी भराभर वाचून पुढे जाते. दुकानांतले डबाबंद अन्न संपते, गाड्यांमधले इंधन खराब होते आणि उरलेल्या माणसांना एकमेकांकडे पाहून “हे कोणाला येतं?” असे विचारावे लागते, तिथून माझे खरे वाचन सुरू होते.

जॉर्ज आर. स्टुअर्ट यांची 1949 मधली ‘अर्थ अबाइड्स’ ही कादंबरी मला या सगळ्यांत सर्वांत जवळची वाटते, आणि त्याचे कारण माझ्या व्यवसायात आहे. साथीने जवळजवळ सगळे लोक मेले आहेत आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळच्या टेकडीवर मोजकी माणसे एकत्र राहू लागली आहेत. जलविद्युत केंद्रे कोणी नसतानाही काही काळ चालत राहतात, म्हणून दिवे लगेच जात नाहीत. मग ते मंद होत जातात आणि एके रात्री विझतात. नळाचे पाणी मात्र येतच राहते. वर्षानुवर्षे येत राहते, मुले जन्मतात, मोठी होतात, त्यांनाही मुले होतात, आणि नळ उघडला की पाणी येते याचे कोणालाही नवल वाटत नाही. एक दिवस ते बंद होते. ते कुठून येत होते, कोणत्या वाहिनीतून येत होते, मध्ये कुठे गंजले असेल, हे पाहायला इतक्या वर्षांत कोणी गेलेलेच नसते. नायक शिकलेला आहे, पुढच्या पिढीला लिहायला-वाचायला शिकवण्याची त्याची धडपड आहे, पण ज्या मुलांना शिकण्याची गरजच कधी भासली नाही ती मुले शिकत नाहीत. मला तरी हे प्रकरण रणांगणावरच्या कोणत्याही संहारापेक्षा अधिक खरे वाटते.

हाच विचार मी अनेकदा मुंबईला लावून पाहिला आहे. विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा, तानसा 1892 चा. पुढे मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. आज या सात तलावांतून शहराला दररोज सुमारे 3,850 दशलक्ष लिटर पाणी मिळते. तानसा आणि वैतरणेचे पाणी शंभर किलोमीटरच्या आसपासचे अंतर मुख्यतः उताराने कापून भांडुपला येते. भातसाचे पाणी मात्र पिसे येथे नदीतून उचलून पंपांनी पुढे ढकलावे लागते. म्हणजे उद्या माणसे नाहीशी झाली आणि वीज गेली तर भातसाचा भाग तिथल्या तिथे थांबेल, पण तानसा-वैतरणेचे काही पाणी, शुद्धीकरण न झालेले का होईना, काही काळ शहराच्या दिशेने वाहत राहील. स्टुअर्ट यांच्या टेकडीवर घडले तसे मुंबईत घडेल का? घडणार नाही, आणि त्याचे कारण आमचा चावीवाला आहे.

मुंबईत पाणी चोवीस तास येत नाही, ते विभागाविभागाने ठरलेल्या वेळी सोडले जाते. त्यासाठी चावीवाले लांब लोखंडी चाव्या घेऊन दिवसरात्र गाडीने फिरतात आणि रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडतात, बंद करतात. कोणत्या व्हॉल्व्हला किती आटे द्यायचे, कोणता झिजला आहे म्हणून दोन आटे जास्त लागतात, कोणता उलटा फिरतो, चढावरच्या वस्तीला दाब मिळावा म्हणून खालचा कोणता आधी अर्धा दाबायचा, यातले पुष्कळसे कोणत्याही नकाशावर नसते. नवा माणूस जुन्याबरोबर महिनोन्महिने फिरतो तेव्हा ते त्याच्या हातात येते. हे चावीवाले एका क्षणी नाहीसे झाले तर प्रत्येक व्हॉल्व्ह त्या क्षणी ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत राहील. ज्या गल्लीची वेळ चालू होती तिथे पाणी वाहत राहील आणि शेजारच्या गल्लीत थेंबही येणार नाही. जिवंत राहिलेले लोक कोरड्या गल्लीतून ओल्या गल्लीत जातील आणि तिथे कोणाचे काय चालेल यावरून पहिला तंटा होईल. आपले शहर किती थोड्या, किती अनामिक हातांवर उभे आहे याची इतकी स्वच्छ जाणीव मला माझ्या खात्याच्या अहवालांनी कधी दिली नाही, ती या कादंबऱ्यांनी दिली.

ई. एम. फॉर्स्टर यांनी ‘द मशीन स्टॉप्स’ ही दीर्घकथा 1909 मध्ये लिहिली, तेव्हा विमानही नवलाईचे होते. तिच्यात माणसे जमिनीखालच्या खोल्यांत राहतात आणि सर्व काही एक यंत्र पुरवते. कथेचा मर्मभाग असा की बिघाड दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडते, आणि ती दुरुस्त कशी करायची हे कोणालाच ठाऊक नसते. लोक तक्रारी करतात, मग तक्रारी करण्याची सवयही सोडतात, खराब हवेशी आणि बेसूर संगीताशी जुळवून घेतात. देखभालीच्या कामात आयुष्य काढलेल्या माणसाला ही पाने वाचताना पुन्हापुन्हा थांबावे लागते.

या साहित्यप्रकाराशी माझे एक भांडण आहे. व्यवस्था कोसळली की माणूस लगेच माणसावर तुटून पडतो, हे अनेक लेखक गृहीतच धरतात. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात 1963 मध्ये आपत्तींचा अभ्यास करणारे केंद्र सुरू झाले. तेव्हापासूनच्या संशोधनातून वारंवार दिसले आहे की आपत्तीच्या वेळी बेभान पळापळ आणि लूट समजतो तितकी होत नाही आणि बहुतेकांना पहिली मदत शेजाऱ्यांकडूनच मिळते. आम्हा मुंबईकरांना यासाठी संशोधनाची वाट पाहावी लागली नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गाड्या थांबल्या, फोन बंद पडले, आणि लाखो माणसे कमरेएवढ्या पाण्यातून घराकडे चालत निघाली. रस्त्याकडेच्या वस्त्यांतल्या लोकांनी, ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरले होते त्यांनीही, चालणाऱ्यांना चहा दिला, बिस्किटे दिली, अनोळखी बायकांना रात्रभर घरात घेतले. ज्या कादंबरीत अशी एकही रात्र नसते तिचा लेखक माणसाला ओळखत नाही, असे माझे मत झाले आहे.

याचा अर्थ संकटात सगळे चांगलेच वागतात असा नाही, आणि तेही मुंबईच्याच इतिहासात आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांत शहराची निम्मी वस्ती गावोगाव निघून गेली. जे राहिले त्यांच्या घरांच्या झडत्या झाल्या, उजेड यावा म्हणून कौले काढली गेली, आजाऱ्यांना आप्तांपासून तोडून नेण्यात आले. मार्च 1898 मध्ये मदनपुऱ्यात याच जबरदस्तीविरुद्ध दंगल उसळली. गिरण्यांना मजूर मिळेनात, तेव्हा रस्त्याच्या कोपऱ्यांवर त्यांच्यासाठी चढती बोली लागू लागली. 1891 च्या जनगणनेत 8,21,764 असलेली लोकसंख्या 1901 मध्ये 7,76,006 वर आली. जुलमी राजवट आणि ओस पडलेले शहर, असे या साहित्याचे दोन्ही प्रवाह आपल्या पणजोबांनी एकाच वेळी भोगले होते.

या काळातली एक गोष्ट मला कोणत्याही कल्पित कथेपेक्षा मोलाची वाटते. तेव्हाचे महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांना मोठी धास्ती होती ती हलालखोर आणि इतर सफाई कामगार शहर सोडून जातील याची. व्यापारी गेले तरी शहर तग धरील, पण मैला उचलणारे गेले तर राहण्याजोगे उरणार नाही, हे त्यांना उमगले होते आणि त्यांच्या अहवालात ते नमूद आहे. ज्यांची सावलीही एरवी टाळली जात असे त्या माणसांच्या राहण्या-जाण्यावर मुंबईचे अस्तित्व टांगलेले होते. ते राहिले, म्हणून शहर राहिले.

मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईवर बर्फ पडतो. शाळेच्या वयात ती वाचल्यावर खिडकीबाहेरची ओळखीची मुंबई मला परकी दिसू लागली होती, आणि विज्ञानाने वेळेवर पावले उचलली तर संकट टाळता येते हा तिचा विश्वास मला आजही आदरणीय वाटतो. पण संकट टळले नाही तर पाचव्या वर्षी मुंबईत काय असेल, ही कादंबरी मला मराठीत हवी आहे. हाजीअली, लव्हग्रोव्ह, इर्ला यांसारख्या उदंचन केंद्रांतले पंप थांबले की भरतीच्या वेळी पडलेला पाऊस समुद्रात जाणार नाही. भराव घालून जोडलेल्या बेटांमधल्या जुन्या खाड्यांच्या जागी दर पावसाळ्यात पाणी उभे राहील आणि मलबार हिल, वरळी, माझगाव पुन्हा वेगवेगळे दिसू लागतील. त्या शहरात मोठ्या पदावर काम केलेल्या माणसापेक्षा तिथीवरून भरतीची वेळ सांगणारी आणि बोंबील वाळवणारी वरळी कोळीवाड्यातली आजी मोठी ठरेल. आरेच्या पाड्यांतले वारली लोक पावसाळ्यात कोणती रानभाजी खायची आणि कोणती खायची नाही हे सांगतील. विहार आणि तुळशी शहराच्या हद्दीतच आहेत, तेव्हा लोक बहुधा त्यांच्या काठाकडे सरकतील, आणि कोणीतरी एखाद्या वृद्ध चावीवाल्याला खांद्यावरून तिथे नेईल.

मन खचते का, याचे उत्तर असे की भीती वाटते, पण खचत नाही. ज्या पुस्तकात बाई केवळ अत्याचारासाठी येते, किंवा एकटा पुरुष आणि त्याची बंदूक एवढेच मानवतेचे शिल्लक रूप असते, ते मी अर्ध्यावर ठेवून देते. बाकीच्यांनी मला माझ्या कामाविषयी आणि माझ्या हाताखालच्या माणसांविषयी अधिक आदर शिकवला.

सोसायटीतल्या मुलांना मी आधी फॉर्स्टर यांची कथा देते, कारण ती एका बैठकीत वाचून होते, आणि मग स्टुअर्ट. पाणी बंद होते ते प्रकरण वाचून झाले की त्यांच्यापैकी कोणीतरी आपल्या इमारतीची टाकी कशी भरते असे विचारतेच. तेव्हा मी त्यांना जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि फाटकाजवळचा मीटर दाखवते. मीटरपासून आत येणारी वाहिनी आपली, तिची देखभाल आपण करायची, हे बहुतेकांना तेव्हाच कळते.