२४/१९२ थेट डॅकपर्यंत: एमपीडी-अल्सा जोडणीची सध्याची स्थिती

जोडणी: लिनक्सवरचा लॅपटॉप, त्यात एमपीडी (गाणी वाजवणारा प्रोग्राम), लिनक्सचा ध्वनी-थर अल्सा, यूएसबीतून बाहेरचा डॅक (डिजिटल आवाजाचं अ‍ॅनालॉग करणारं यंत्र), पुढे अ‍ॅम्प्लिफायर. फाइलमधला एकही बिट वाटेत बदलू नये, एवढंच साधायचं आहे. ४४.१, ९६ आणि १९२ किलोहर्ट्झ हे तिन्ही सॅम्पल दर (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने) आता जसेच्या तसे पोचतात; २४/१९२ म्हणजे २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ. आवाजातली ५० हर्ट्झची गुणगुण मात्र अजून गेलेली नाही.

पहिला अडथळा पाइपवायरचा, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र करणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा. मूळ सेटिंगमध्ये ते सगळं काही ४८ किलोहर्ट्झवर आणतं, आणि गाणं तर छान वाजत असतं, त्यामुळे शंकाही येत नाही. व्हॉल्यूम कंट्रोलच्या ‘कॉन्फिगरेशन’मध्ये डॅकचं प्रोफाइल ‘ऑफ’ केलं की डॅक मोकळा होतो. नाहीतर एमपीडीला ‘डिव्हाइस बिझी’ असं उत्तर मिळतं.

एमपीडीच्या आउटपुटात प्रकार अल्सा आणि डिव्हाइस ‘एचडब्ल्यू’ (थेट हार्डवेअर) हवं. ‘प्लगएचडब्ल्यू’ नको, ते न सांगता रूपांतर करतं. कार्डाचा क्रमांक रीस्टार्टनंतर बदलू शकतो, म्हणून कार्डाचं नाव लिहावं. ‘ऑटो रीसॅम्पल’ आणि ‘ऑटो फॉरमॅट’ दोन्ही ‘नो’, ‘मिक्सर टाइप’ ‘नन’, रीप्लेगेन (गाण्यांचा आवाज आपोआप सारखा करणारी सोय) बंद. आवाज अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणानेच कमी-जास्त करायचा.

डॅक ९६च्या वर जात नसेल तर आधी तो यूएसबी ऑडिओ क्लास १ (यूएसबीवरून आवाज पाठवायची जुनी पद्धत) मध्ये तर नाही ना, ते पाहा. काही डॅकवर त्यासाठी मागे स्विच असतो. क्लास १ चालतो यूएसबीच्या फुल स्पीडवर (१२ मेगाबिट), आणि तिथे दर मिलिसेकंदाला एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त १०२३ बाइट बसतात. स्टिरिओ २४/९६ला ५७६ बाइट लागतात, २४/१९२ला ११५२. म्हणजे ते बसणारच नाही, केबल कितीही महाग आणा. लिनक्सच्या प्रॉकमधल्या (/proc) आसाउंड फोल्डरात कार्डाची ‘स्ट्रीम’ फाइल असते. डॅक कोणते दर घेतो आणि असिंक आहे की अडॅप्टिव्ह (लॅपटॉपच्या वेळेशी जुळवून घेणारा), हे तिथे लिहिलेलं असतं. असिंक असेल तर उत्तम: वेळ डॅकचं स्वतःचं घड्याळ ठरवतं, लॅपटॉप नाही.

गाणं चालू असताना आसाउंडमधलीच ‘एचडब्ल्यू पॅराम्स’ फाइल उघडून दर फाइलशी जुळतोय का बघावं. २४ बिटच्या फाइलला तिथे ३२ बिट दिसले तर घाबरायचं कारण नाही, खालचे ८ बिट शून्य असतात.

पण दर जुळला म्हणजे बिट शाबूत राहिले असं नाही. सॉफ्टवेअरने आवाज अर्ध्या डेसिबलने कमी केला तरी दर तोच दिसतो. यावर सगळ्यात भरवशाची चाचणी डीओपीची, म्हणजे डीएसडी (१ बिटचा ध्वनी-प्रकार) नेहमीच्या पीसीएम ध्वनीच्या वेषात पाठवण्याची. यात डीएसडी६४चे १६-१६ बिट २४ बिटच्या पीसीएम शब्दात भरून १७६.४ किलोहर्ट्झवर पाठवतात आणि वरच्या ८ बिटांत आलटूनपालटून दोन ठरावीक खुणा असतात. वाटेत कुणी गणित केलं की खुणा मोडतात, डॅक त्याला साधं पीसीएम समजतो आणि संगीताऐवजी सळसळ ऐकू येते. एमपीडीत ‘डीओपी’ ‘यस’ करा, अ‍ॅम्प्लिफायर अगदी हळू ठेवा आणि एक डीएसडी फाइल लावा. डॅकवर ‘डीएसडी’ उमटलं आणि संगीत आलं, तर वाट स्वच्छ आहे. या जोडणीत ही चाचणी पास झाली.

४४.१वरून ४८च्या घराण्यात (४८, ९६, १९२) जाताना गाण्याचा सुरुवातीचा अर्धा-एक क्षण गिळला जातो, कारण डॅक २२.५७९२ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवरून (घड्याळावरून) २४.५७६च्या ऑसिलेटरवर जातो आणि तेवढा वेळ आवाज बंद ठेवतो. प्लेलिस्ट दराप्रमाणे लावली की त्रास उरत नाही. मधेच होणारे बारीक खंड तपासायला तंबोऱ्यासारखं काही नाही. त्याच्या सलग झंकारात एक तुटका क्षणही लगेच कळतो. डॅक हबमधून काढून थेट पोर्टला लावला, एमपीडीचा बफर (आगाऊ साठा) वाढवला आणि खंड थांबले.

राहिली ती ५० हर्ट्झची गुणगुण. चार्जर काढला की ती जाते, म्हणजे ग्राउंड लूपच (उपकरणांच्या अर्थिंगच्या तारांतून फिरणारा प्रवाह). त्यावर उपाय यूएसबी आयसोलेटर, म्हणजे दोन बाजूंची वीजजोडणी तोडून फक्त डेटा पुढे देणारं साधन. बाजारातले बरेच स्वस्त आयसोलेटर एडीयूएम४१६० चिपवर चालतात. ती १२ मेगाबिटची, म्हणजे पुन्हा तीच ९६ची मर्यादा, आणि डीओपीही गेलं. ४८० मेगाबिट झेपणारी एडीयूएम४१६५ असलेला आयसोलेटर पुढच्या टप्प्यात लावायचा आहे. तोवर ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर.