रस्ता ओलांडणाऱ्यांचा रकाना

महामार्गाचं रुंदीकरण होण्याआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास होतो. त्यातली आवाजाची मोजणी माझ्याकडे असते. मोजणीच्या आधी आणि नंतर ९४ डेसिबलचा ठरलेला सूर देऊन मीटर तपासायचा, वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर गेला की ती नोंद बाद करायची, कुणी माईकजवळ येऊन बोललं तर तेवढा भाग पुन्हा मोजायचा. यात मी कुचराई करत नाही. कारण वाहनं दुप्पट झाली, वेग तोच राहिला, तर पातळी जेमतेम ३ डेसिबलनं चढते. मोजणी ढिसाळ असेल तर तेवढा फरक त्यातच बुडून जातो.

त्या दिवशी मीटर रस्त्यालगतच्या एका घराच्या अंगणात लावला होता. दुपदरी रस्ता सहापदरी व्हायचा होता. घरातल्या आजी बराच वेळ नुसत्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "आवाजाची सवय होते रे बाळा. माझी बहीण पलीकडे राहते. मी तिच्याकडे जाऊ कशी, ते सांग."

आवाजाची सवय होते हे मला पटत नाही. जाग आली नाही तरी झोपेत शरीर त्याला प्रतिसाद देतच असतं. पण आजींच्या प्रश्नानं मी हिशोबाला बसलो. एक पदर साडेतीन मीटरचा, म्हणजे आजचा रस्ता ७ मीटर. सेकंदाला ०.८ मीटर अशा म्हाताऱ्या चालीनं तो नऊएक सेकंदांत पार होतो. नव्या रस्त्यावर दुभाजकापर्यंतच साडेदहा मीटर, म्हणजे १३ सेकंद. तेवढ्यात ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी जवळपास २९० मीटर पुढे येते. एवढ्या लांबची गाडी दिसायला हवी, तिचा वेगही ओळखता यायला हवा, आणि दुभाजकावर पोचल्यावर हेच सगळं पुन्हा.

मीटर चालू ठेवून मी रस्ता आडवा ओलांडणाऱ्यांची नोंद करायला लागलो. शाळेची मुलं, शेताकडे निघालेली माणसं, गुरं, सायकल हातात धरून चालणारे. त्यांची मोजदाद आमच्या अभ्यासात कुठेच नव्हती. वाहनांची गणना रात्रंदिवस होते, प्रकारवार होते. ओलांडणाऱ्यांची झालीच तर मोठ्या चौकात. इतका जाड अहवाल आणि त्यात या माणसांना एक रकाना नाही, याचा मला राग येतो.

विषय काही नवा नाही. शहररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या तीन रस्त्यांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,००० वाहनांच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते, १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकही धड नाही.

खरी अडचण पुढेच होती. आराखड्यात त्या वस्तीसमोर आवाज अडवणारी भिंत होती. अशी भिंत ५ ते १० डेसिबल कमी करते, पण ती सलग असेल तरच. मध्ये फट ठेवली की आवाज तिथून आत येतो. म्हणजे आजींचे कान वाचवायचे तर त्यांची वाट बंद होते.

भुयारी मार्ग दाखवला होता, पण पुढच्या ओढ्यापाशी. तिथे रस्ता भरावावर आहे, त्यामुळे खालून वाट काढणं सोपं. वस्तीसमोर रस्ता जमिनीच्या पातळीवर असल्यानं खोदून खाली जावं लागेल, पावसाचं पाणी साचेल, म्हणून आराखडेवाल्यांनी ती जागा टाळली. पाण्याची त्यांची भीती खरी आहे. पण म्हातारं माणूस ओढ्यापर्यंत चालत जाऊन पलीकडून तेवढंच परत येईल, हे त्यांनी कशाच्या आधारावर गृहीत धरलं? घाईत ते माणूस भिंत ओलांडायचा रस्ता शोधेल आणि जिथे फट सापडेल तिथून धावेल.

मी अहवालात ओलांडणाऱ्यांची नोंद वेळेनुसार जोडली आणि लिहिलं, की रस्ता वस्तीसमोर भराव घालून उचलावा आणि भुयारी मार्ग आजच्या पायवाटेवरच द्यावा. सहकाऱ्यांचं म्हणणं, भराव म्हणजे आणखी जमीन लागणार आणि पावसाचं पाणी वस्तीच्या बाजूला अडणार. त्यासाठी मोऱ्या किती लागतील याचा हिशोब आता सुरू आहे. जनसुनावणीच्या आधी तो हातात यावा, म्हणून मी त्यांच्या मागे लागलो आहे.