आपलेच सहगुणक, आपलीच मुळं : वहीतली प्रगती

मुळांवरून सहगुणक काढायचं गणित दहावीत सगळ्यांनीच केलंय. क्ष² + म·क्ष + न = ० मध्ये मुळांची बेरीज −म आणि गुणाकार न, की झालं. 'एक मूळ दुसऱ्याच्या दुप्पट, स्थिर पद १८, तर म काढा' असलं काही आलं तर मुळं ३ आणि ६, नाहीतर −३ आणि −६; म्हणजे म = ±९. ऋण जोडी तेवढी राहून जाते, बाकी त्यात फार दम नाही.

नागपुरात मे महिन्यात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. कूलरसमोर वही उघडून मी वेगळाच प्रश्न घेतला: म आणि न हीच त्या समीकरणाची मुळं असतील तर?

म + न = −म आणि म·न = न. न शून्य धरला तर म पण शून्य; नाहीतर म = १, न = −२. म्हणजे क्ष² + क्ष − २ = ०, मुळं १ आणि −२. शून्यवाली जोडी सोडली तर असं एकच समीकरण.

सुट्टीला आलेला भाचा म्हणाला, "मामा, मला तर तीन जोड्या मिळाल्या." त्यानं बेरीज-गुणाकार न करता म आणि न थेट क्षच्या जागी टाकले होते. २म² + न = ० आणि न² + म·न + न = ० सोडवलं की खरंच तिसरी जोडी निघते: म = न = −१/२. ताळा बघा. क्ष² − क्ष/२ − १/२ = ० ची मुळं १ आणि −१/२. म पण मूळ, न पण मूळ, पण दोघं मिळून एकच मूळ. १ बाहेरच राहिला. क्षच्या जागी टाकून एवढंच कळतं, की हे दोघं मुळांपैकी आहेत. मुळं हीच दोन, हे बेरीज-गुणाकारच सांगतात. पुस्तकात हा फरक कुणी ठळक करून दाखवत नाही, दाखवायला हवा.

बेरीज-गुणाकाराचा हा नियम ज्याच्या नावानं चालतो तो फ्रेंच गणिती व्हिएत (१५४०–१६०३) फक्त धन मुळं मानायचा. त्याच्या हिशेबात आपलं −२ बसलंच नसतं. ऋण मुळांना धरून नियम मांडला तो गणिती अल्बेर जिरारनं, १६२९ मध्ये.

आता खरी मजा. वास्तव मुळं असलेलं एखादं समीकरण घ्या, त्याच्या मुळांपैकी मोठं मूळ पुढच्या समीकरणाचा म करा, लहान मूळ न करा, आणि हेच चालू ठेवा. मी क्ष² − ३क्ष + २ पासून निघालो. मुळं २ आणि १, म्हणून पुढचं क्ष² + २क्ष + १. त्याची दोन्ही मुळं −१, म्हणून क्ष² − क्ष − १, आणि इथे त्याचं मोठं मूळ म्हणून सुवर्ण गुणोत्तर (१.६१८…) टपकलं! पुढे कॅल्क्युलेटरवर (म, न) च्या जोड्या अशा आल्या:

(१.६१८, −०.६१८)
(०.३१९, −१.९३७)
(१.२४१, −१.५६०)
(०.७७४, −२.०१६)
(१.०८४, −१.८५९)

गाडी हेलकावे खात (१, −२) कडेच चाललीय. एक जोडी सोडून पुढची बघा. ०.३१९ हा १ पासून ०.६८१ दूर, ०.७७४ हा ०.२२६, जवळजवळ बरोबर तिसरा हिस्सा. हा योगायोग नाही. (१, −२) जवळ म मध्ये च आणि न मध्ये छ एवढा छोटा फरक केला, तर मोठं मूळ −(च + छ)/३ नं सरकतं आणि लहान मूळ (छ − २च)/३ नं. हे दोनदा लावलं की च चा च/३ होतो, छ चा छ/३. कागदावर करून बघा, दोन ओळींचं काम आहे.

सध्या उलटा क्रम सुरू केलाय: लहान मूळ म, मोठं मूळ न. त्यात (१, −२) ला जागाच नाही. क्ष² − ३क्ष + २ वरून लगेच क्ष² + क्ष + २ येतं, विवेचक −७, वास्तव मुळं नाहीत, खेळ खल्लास. या क्रमात जास्त पायऱ्या टिकणारी सुरुवात कुणाला सापडली तर कळवा. शून्यवाली जोडी चालणार नाही.